'हा कोण?' विचारण्याचा हक्क

मालिका ऐन रंगात आलेली असताना मधूनच येऊन सोफ्याच्या कडेला टेकणाऱ्या माणसाची आपल्याकडे जितकी हेटाळणी होते, तितकी लग्नाला येऊन, जेवून, आहेर न करता जाणाऱ्याचीही होत नसेल. हा माणूस कोणीही असू शकतो. नवी सून, सुट्टीला आलेला भाचा, बदली होऊन पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेला तरुण, किंवा बातम्या संपल्यावर हातातून रिमोट गेलेले खुद्द घरमालक. पडद्यावर एक बाई देवघरासमोर रडत असते. निव्वळ माणुसकीपोटी तो विचारतो, "ही का रडतेय?" उत्तर येतं, "ते असं मधूनच नाही कळायचं." तो चिकाटी सोडत नाही. "आणि मागे उभा आहे तो कोण? नवरा?" घरातल्या तीन पिढ्या एकाच वेळी मान वळवून त्याच्याकडे बघतात. "नवरा होता. आता नाही. म्हणजे हा तो नाहीच, हा त्याच्यासारखा दिसणारा… जाऊ दे, तू पहिल्यापासून बघ." "किती भाग झालेत?" "फार नाही रे, साडेआठशे."

हा सल्ला साफ चुकीचा आहे, असं माझं नम्र पण ठाम मत आहे. रोज चालणारी मालिका नव्या माणसाने पहिल्यापासून बघू नये. आज जिथे असेल तिथून बघावी, आणि न लाजता 'हा कोण?' विचारावं. या विषयावर बोलण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार काय, असं कोणी म्हणेल. 'आम्ही नाही बुवा मालिका बघत' असं चारचौघांत सांगणारे आणि जेवणाचं ताट मात्र बरोबर साडेआठला टीव्हीसमोर घेऊन बसणारे जे लाखो लोक या महाराष्ट्रात आहेत, त्यांच्यापैकी तो एक आहे. एवढा अधिकार पुरे.

आधी नुसता हिशेब मांडू, कारण 'पहिल्यापासून बघ' म्हणणाऱ्यांनी तो कधीच मांडलेला नसतो. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 साली सुरू झाली आणि 2013 साली संपली. तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. सासूचेच दिवस इतके लांबलेले पाहून त्या काळच्या सुनांनी आपल्या चार दिवसांची आशा सोडली असेल. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर बावीसेक मिनिटं उरतात, म्हणजे एकूण झाले अकराशे तास. कचेरीत बसल्यासारखं रोज आठ तास बसलं आणि रविवारची सुट्टी घेतली, तरी पाच महिन्यांहून जास्त नोकरी झाली, तीही बिनपगारी. आणि ही झाली संपलेली मालिका. चालू मालिकेचं गणित याहून भयंकर आहे. हिंदीतली 'ये रिश्ता क्या कहलाता है' 12 जानेवारी 2009 रोजी सुरू झाली आणि चार हजार भाग मागे टाकून पुढे गेली. एखाद्या निष्ठावंताने रोज चार भाग बघायचा नेम धरला, तर आठवड्याचे अठ्ठावीस होतात. पण तेवढ्यात वाहिनी नवे सात आणून ओतते. वरून नळ चालू आणि खालून हौद उपसायचा, हे शाळेतलं गणित इथे तंतोतंत लागू पडतं. उत्तर साडेतीन वर्षांच्या पुढे जातं. यावर तरुण मंडळी म्हणतात, "मोबाइलवर दीडपट वेगाने बघायचं." हे करून बघण्यासारखं आहे. दीडपट वेगात मालिकेतली माणसं प्रथमच आपल्यासारखी चालू-बोलू लागतात. वेळ मात्र तरीही दोन वर्षांच्या वरच लागतो.

पण समजा, वेळ आहे. निवृत्ती झालेली आहे, गुडघा दुखतो आहे, फिरायला जायचं नाही. तरी प्रश्न उरतोच, की सुरुवात म्हणजे नेमकी कुठली? 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली आली, तेव्हा ती सुरूच झाली अण्णा नाईकांच्या मृत्यूने. 2019 साली दुसरं पर्व आलं आणि त्यात अण्णा ठणठणीत जिवंत, कारण ती त्याआधीची गोष्ट होती. 2021 साली तिसरं आलं. आता पहिल्यापासून म्हणजे पहिल्या पर्वापासून की पहिल्या घटनेपासून? ज्याने पहिलं पर्व चुकवलं आणि दुसऱ्यात येऊन बसला, तोच हिशेबाने सुरुवातीपासून बघणारा ठरला. 'ये रिश्ता'मध्ये पहिल्या भागापासून जिच्यात जीव गुंतवायचा ती अक्षरा पुढे नायराची आई होते, नायराच्या मुलीचं नाव पुन्हा अक्षराच, आणि तिची मुलगी अभिरा. म्हणजे अभिराचं काय चाललंय हे कळावं म्हणून निष्ठावंत माणूस तिच्या पणजीचं लग्न जुळवण्यापासून सुरुवात करणार. आपल्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव किती जणांना सांगता येईल? परदेशातही हीच गत. अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' 1937 साली रेडिओवर सुरू झाली, 1952 साली टीव्हीवर आली आणि 2009 साली थांबली. ती पहिल्यापासून 'बघायची' तर पहिली पंधरा वर्षं ऐकावी लागतील. 'डॉक्टर हू' 1963 सालची. तिच्या जुन्या टेपा बीबीसीने स्वतःच पुसून टाकल्या आणि सुमारे शंभर भाग हरवले. तरीही तिला पिढ्यानपिढ्या नवे चाहते मिळत गेले. ज्यांनी मालिका काढली त्यांनाच सुरुवात जपून ठेवावीशी वाटली नाही, तिथे भाच्याने कशाला जीव टाकावा?

इथे पहिला आक्षेप येतो, की मग पात्रं ओळखायची कशी? या बाबतीत मालिकावाल्यांवर आपण फार अन्याय करतो. नव्या माणसाची जितकी काळजी ते घेतात तितकी शाळेतही कोणी घेत नाही. एकच प्रसंग जवळून बघा. सुनेच्या हातून आरतीचं ताट निसटतं. ताट जमिनीला टेकायच्या आत कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर तीनदा झडप घालतो, मग थोरल्या जावेच्या, मग नणंदेच्या, मग ज्यांचा या घराशी नेमका संबंध काय हे कोणालाच आठवत नाही त्या मावशींच्या. प्रत्येक चेहऱ्यामागे ढग गडगडतात, बाहेर वैशाखातलं ऊन असलं तरी. निरांजनातलं तूप फरशीवर ओघळून थिजायला लागतं तोवर चुलत सासऱ्यांचाही नंबर लागलेला असतो. याला जुनेजाणते 'पाणी घालणं' म्हणतात; वास्तविक ही नवागतासाठी घेतलेली हजेरी आहे. ज्यांचे डोळे भरले ते चांगले, जिच्या ओठांचा एकच कोपरा वर गेला ती वाईट. झाली ओळख. तेवढ्यानेही न कळलं तर संवाद आहेतच. "माझा सख्खा धाकटा भाऊ असूनही तू आईच्या एकसष्टीत माझा सगळ्यांसमोर अपमान केलास!" खऱ्या आयुष्यात कोणी भावाला 'तू माझा भाऊ आहेस' अशी माहिती पुरवत नाही. हे वाक्य भावासाठी लिहिलेलंच नसतं. ते सोफ्याच्या कडेला बसलेल्या तुमच्यासाठी असतं. खलनायिका तर आपला पुढचा संपूर्ण बेत जिन्यात उभी राहून, तारीख-वारासकट, मोठ्याने स्वतःलाच ऐकवते.

हे सगळं उगीच चालत नाही. वाहिनीचा जीव दर आठवड्याच्या टीआरपीत अडकलेला असतो. काल बघितलेल्याने आज यावं म्हणून भागाच्या शेवटी हुक ठेवतात. आज प्रथमच आलेल्याने चॅनल बदलू नये म्हणून मागल्या भागाची उजळणी, दोन-चार महिन्यांनी नवा ट्रॅक आणि गाडी फारच रुतली की थेट पाच-सात वर्षांचा लीप. शिवाय प्रेक्षक कुकरच्या शिट्टीला उठणार, दाराच्या बेलला उठणार, इस्त्रीवाल्याशी हिशेबाला उठणार, हे लेखकाने धरलेलं असतं. म्हणजे ही मालिका चुकवण्यासाठीच लिहिलेली असते. कट्टर प्रेक्षकही ती बिनघोर चुकवतात. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, टीव्ही पंधरा दिवस बंद राहतो. सोळाव्या दिवशी त्या हिरवी पट्टी सारून विचारतात, "मधे काय झालं गं?" "काही नाही, हळद लागली." "अजून हळदच?" आणि मालिका पुढे सुरू. 2020 साली टाळेबंदीत मार्चच्या उत्तरार्धापासून चित्रीकरणंच थांबली, जुलैपर्यंत नवा भाग म्हणून नव्हता. परत सुरू झाल्यावर 'आपण कुठे होतो?' असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. चालू मालिकेतले तीन-साडेतीन महिने जर कोणाला जाणवत नाहीत, तर न पाहिलेले साडेआठशे भाग जाणवतील हे कशावरून?

दुसरा आक्षेप जास्त हळवा आहे. पहिल्यापासून बघितल्याशिवाय जीव गुंतत नाही, म्हणतात. मान्य. पण जीव गुंतवून पदरात काय पडतं तेही बघावं. 2000 साली सुरू झालेल्या 'क्यूंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर विरानी मेला, तेव्हा घरोघर सुतक पाळायचं तेवढं बाकी राहिलं होतं. लोकांनी इतका गदारोळ केला की त्याला परत आणावं लागलं. पुढे अमर उपाध्यायचा इंदर कुमार झाला, इंदर कुमारचा रोनित रॉय झाला, आणि 2025 साली नवं पर्व आलं त्यात मिहिर पुन्हा अमर उपाध्याय. मधली सगळी वर्षं नेमाने बघणाऱ्याच्या मनात आज एका नवऱ्याचे तीन चेहरे आहेत. काल बसलेल्या मुलीच्या मनात एकच, आणि तिचं काहीही अडलेलं नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली शनाया रसिका सुनीलची ईशा केसकर झाली आणि पुन्हा रसिका सुनील. त्या दिवसांत "ही ती नाही" आणि "ही तीच" अशी दोन्ही वाक्यं खरी होती. कळस केला तो अमेरिकेतल्या 'डॅलस'ने. 1985 साली बॉबी युइंग मेला. त्याच्याशिवाय अख्खं एक सत्र, एकतीस भाग, पार पडलं. मग 1986 साली त्याच्या घटस्फोटित बायकोने न्हाणीघराचं दार उघडलं तर बॉबी आत शॉवरखाली अंघोळ करतोय. वर्षभरात घडलेलं सगळं तिचं स्वप्न होतं. त्या सत्राचा एकही भाग न बघितलेले आणि सगळेच्या सगळे बघितलेले, या दोघांचं ज्ञान त्या क्षणी समान झालं. फरक एवढाच, की पहिल्यांनी वर्षभर रुमाल भिजवले नव्हते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: "सुरुवातीला फार छान होती हो." असतेच. पहिले दोन-तीन महिने लेखकाने नीट बसून लिहिलेले असतात, घरातली माणसं कामावर जातात, कोणी डबा भरतं, कोणी लोकल चुकवतं, स्वयंपाक करताना कोणी शालू नेसत नाही. पण म्हणूनच ती सुरुवात बघणं धोक्याचं. ज्याने ती बघितली तो आशेला लागतो. 'पुन्हा तशी होईल' म्हणत तो पुढची चार वर्षं बसून राहतो, अपहरणं बघतो, स्मृतिभ्रंश बघतो, पुनर्जन्म बघतो, आणि रोज म्हणतो, "काय ही मालिका झाली!" मधून आलेल्याला ही यातना नाही. त्याच्या लेखी मालिका अशीच असते. म्हणून मी कसोटी एकच लावतो: शेवट कोणाच्या हातात आहे? 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 साली आली आणि त्याच वर्षी संपली. गोष्टीला जायचं कुठे हे ठाऊक होतं, ती गेली आणि पोचल्यावर थांबली. अशी मालिका पहिल्यापासूनच बघावी, एक भागही चुकवू नये, कुकरला खुशाल शिट्ट्या घालू द्याव्यात. पण जिचा शेवट टीआरपी ठरवतो, तिच्या लेखकालाच उद्या कोण जिवंत असेल ते माहीत नसतं. जिला शेवट नाही तिची सुरुवात शोधत बसण्यात हशील नाही.

इतकं असूनही घरोघरी 'पहिल्यापासून बघ' असंच का सांगितलं जातं? याचं कारण मालिकेत नाही, माणसात आहे. ज्याने साडेआठशे भाग सोसले, त्याला त्याबद्दल ना पेन्शन मिळते ना शाल-श्रीफळ. मग निदान ज्येष्ठता तरी मिळावी! कचेरीत तीस वर्षं काढलेले हेडक्लार्क नव्या मुलाला जसं "आमच्या वेळी साहेब वेगळे होते" म्हणून गप्प करतात, तसाच हा प्रकार. नव्याने बसल्या बसल्या सगळं समजून घेतलं, तर आपण इतके दिवस काय केलं हा प्रश्न उभा राहतो, आणि तो कोणालाच परवडणारा नसतो. गंमत म्हणजे नवागताने खरंच जाऊन पहिल्यापासून बघितलं तर सगळ्यात जास्त पंचाईत ज्येष्ठांचीच होईल. सांगणार काय मग ते? ज्या घरात आजींना औषधाची वेळ सोडून कोणी काही विचारत नाही, तिथे 'हा कोण?' हा एकच प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे असतं. पाच मिनिटांत त्या चार लग्नं, दोन घटस्फोट आणि एक मृत्युपत्र अशा सफाईने उलगडतात, की मूळ मालिका त्यापुढे फिकी पडावी.

आणि ही आपली परंपराच आहे. महाभारताचा श्रोता जनमेजय हा अर्जुनाचा पणतू, म्हणजे किती भाग चुकवून आलेला बघा. त्याने विचारलं तेव्हा वैशंपायनांनी 'पहिल्यापासून बघायला हवं होतंस, राजा' असं म्हणून मान फिरवली नाही. आधी थोडक्यात गोषवारा सांगितला, आणि त्याने तहान भागेना म्हणून राजाने विस्ताराने सांगा म्हटल्यावर सगळं सांगितलं. याहून मोठा पुरावा आदिपर्वात आहे. भारताचं अध्ययन कोणी मनूपासून सुरू करतात, कोणी आस्तीकाच्या आख्यानापासून, तर कोणी उपरिचर राजापासून, असं तिथे सरळ नोंदवून ठेवलं आहे. व्यासांच्या ग्रंथाला जर तीन ठिकाणांहून आत शिरता येतं, तर साडेआठच्या मालिकेला एकच दार कशाला?

तेव्हा नवागताने बिनधास्त बसावं. पथ्यं दोन-तीनच आहेत. प्रश्न जाहिरातींतच विचारावा. रडारड चालू असताना विचारल्यास उत्तराऐवजी उशी अंगावर येते. एका जाहिरातीत एकच पात्र घ्यावं. उत्तर दोघांकडून घेऊ नये, कारण आजींची कथा आणि काकूंची कथा एकच असेल याची खात्री नाही, आणि त्यांचं भांडण मालिकेपेक्षा जास्त दिवस चालू शकतं. ही पथ्यं पाळली तर पंधरवड्यात तो "बघ आता, ही दुधात काहीतरी घालणार" असं सांगू लागतो. ती घालतेच.

तरीही 'पहिल्यापासून बघ' या सल्ल्यावर कोणाचा फारच जीव असेल, तर तो वाया जाऊ नये म्हणून मी एक योग्य गिऱ्हाईक सुचवतो. लांबलेल्या मालिकांचे लेखक अधूनमधून बदलतात. मग तिसऱ्या महिन्यात अनाथ म्हणून आलेल्या मुलीचे वडील नवव्या महिन्यात लग्नपत्रिका वाटताना दिसतात, आणि पाण्याला घाबरणारा नायक गणपती विसर्जनाला छातीभर पाण्यात उभा राहतो. सोफ्यावरून लगेच ओरड होते, "अहो, याला पोहता येत नाही!" पण ती पडद्यापलीकडे पोचत नाही. साडेआठशे भाग पहिल्यापासून, एकही न चुकवता, नेहमीच्याच वेगाने बघण्याची सक्ती करायचीच असेल, तर ती एकाच नवागतावर करावी: उद्यापासून ही मालिका ज्याला लिहायची आहे त्याच्यावर.